मिठाची वखार

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा काय करतो, या प्रश्नाला मामांनी एवढंच उत्तर दिलं होतं, "शेठची वखार सांभाळते. मिठाची." वरोऱ्याला आमच्या घरामागे लाकडाची वखार होती. त्यामुळे वखार म्हणजे ओंडके, करवतीचा आवाज आणि पायाखाली भुसा, इतकं मला ठाऊक होतं. दुसरी वखार शाळेच्या पुस्तकातली, इंग्रजांनी सुरतेला घातलेली. मिठाची वखार कशी असते हे कोणाला विचारावं असं वाटलं, पण नवरीनं फार विचारू नये अशी तेव्हा रीत होती, म्हणून गप्प राहिले.

फाल्गुनात आम्ही निघालो. आलापल्लीपर्यंत एसटीनं, तिथून शेठच्या ट्रकात. मागे मिठाची पोती आणि कापडाचे गठ्ठे, पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं. आईनं दिलेला पाटा मागे पोत्यांवर बांधला होता आणि वरवंटा मी मांडीवर धरून बसले होते, कारण तो घरंगळून कापडावर पडेल अशी ह्यांना भीती वाटत होती. दोन्ही बाजूंना साग. मी इतका साग कधी पाहिला नव्हता. पुढे ट्रकचा रस्ता संपला, तिथं सामान बंड्यांवर चढलं आणि बैल चालू लागले. उन्हं कलताना झाडं एकदम मागे राहिली आणि समोर प्राणहिता आली. पलीकडे दुसरं राज्य, दुसरी भाषा. अलीकडे वाळूवर चार डोंगे आणि उंचावर कवेलूंच्या छपराचं एक लांबलचक घर. तीच वखार.

तिला तीन खोल्या होत्या. एकीत मीठ, दुसरीत जंगलातून आलेला माल, तिसरीत आम्ही. पहिल्या दिवशी सकाळी मला ठकठक आवाजानं जाग आली. बाहेर येऊन पाहते तर हे मोगरीनं मीठ फोडत होते. नदीच्या ओलाव्यानं खडेमिठाचे गट्टे बनत, ते रोज फोडावे लागत. पुढे वर्षभर माझी सकाळ त्याच आवाजानं होत गेली. आता माझं वय साठीच्या पलीकडे आहे, शहरात राहते, मीठ पिशवीतून येतं, बारीक आणि कोरडं. तरी कधी शेजारी कोणी खिळा ठोकला की मला क्षणभर वाटतं, उठायला उशीर झाला.

हे वखारीवर आधीची सहा वर्षं एकटेच होते. मूल गावाकडचे, भातवाल्या घरातले, बोलायला कमी. चार भाषा येत, चारही अर्ध्या. मोहफूल हातात घेऊन वास घेतला की ते किती ओलं आहे हे सांगत, डिंकाचा खडा दातांखाली धरून त्यात साल किती मिसळली आहे हे सांगत. ते हे काम आवडीनं करत, हे मला दोन-चार दिवसांतच कळलं.

मीठ फोडून झालं की ओटा झाडायचा, मापं पुसून ठेवायची. तोवर पलीकडून पहिला डोंगा यायचा. डोंगा एका म्हाताऱ्या नावाड्याचा असे, त्याला आम्ही भाऊ म्हणत असू. घरात तो तेलुगू बोले, आमच्याशी मोडकी मराठी, आणि मला अम्मा म्हणे, जरी मी त्याच्या नातीच्या वयाची होते. त्याच्या डोंग्यातून सुकी मासोळी, तंबाखू, लाल मिरच्या, मडकी येत. एकदा सगळं वऱ्हाडच आलं होतं, नवरदेव मध्ये उभा, कोणी हलायचं नाही म्हणून सगळे श्वास धरून. मुलचेऱ्याकडचा एक बंगाली माणूस मासे धरायची जाळी विकायला यायचा आणि ओट्यावर बसून जाळ्याचे फाटके डोळे विणत बसायचा.

आणि आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, मागच्या वाटेनं, जंगलातून, माडिया बाया यायच्या. एकामागे एक, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांवर पानं झाकलेली. चारोळी, डिंक, हिरडा, मोहफूल, मध, मेण. त्या बदल्यात आम्ही मीठ देत असू. कापड, काडेपेटी, मणी, कुऱ्हाडीचं पातं हेसुद्धा, पण मुख्य मीठच. जंगलात सगळं होतं, मीठ नव्हतं.

मला सुरुवातीला तिथं फार एकटं वाटे. ज्वारीची भाकर खाणारी मी, रोज भात खाऊन पोट भरल्यासारखं वाटेना. पाणी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून आणायचं, वाटीनं वाटीनं घडा भरायचा. त्या झिऱ्यावरच माझी त्या बाईशी ओळख झाली.

ती माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी असावी. वरच्या अंगाला तीन कोसांवर तिचं गाव. बाजारची मराठी तिला येई, बाकीच्या बायांच्या वतीनं तीच बोले. मी झिऱ्याजवळ वाटी घेऊन बसले होते, ती येऊन शेजारी उकिडवी बसली आणि माझ्या बांगड्या मोजू लागली. मग विचारलं, "डोक्यावर पदर काऊन घेते? ऊन तर नाई."

"आमच्यात घेतात," म्हटलं.

"कोणाले पाहून? इथी तर मीच आहो."

मी हसले आणि पदर खाली टाकला. मग तिनं पाण्याकडे बोट दाखवलं, "एर." मी म्हटलं, "एर." असे माझे धडे सुरू झाले. ती शब्द सांगे, मी घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवी. दर बाजाराच्या दिवशी ती मागच्या दाराशी यायची, आत कधी पाऊल टाकायची नाही, उंबऱ्याबाहेर बसून तंबाखू चघळायची आणि माझा स्वयंपाक पाहायची. हळद घातली की नाक उडवायची. मी पोळी लाटू लागले की गोल फिरणारी पोळी पाहून तिला इतकं हसू येई की डोळ्यांत पाणी यायचं.

चैत्र सरता सरता चारोळीचा हंगाम आला. काळी फळं भिजवून, चोळून, बी वाळवून, जात्यावर हलक्या हातानं भरडून, पाखडून ते दाणे काढतात. एका पायलीमागे बायांचे चार-पाच दिवस जात असतील. ती चारोळी आमच्या ओट्यावर यायची आणि एका पायलीला एक पायली मीठ जायचं. एकास एक. ही रीत शेठच्या वडिलांपासूनची.

मी ओट्याच्या दाराआड उभी राहून पाहत असे. एक गोष्ट मला तिसऱ्या-चौथ्या मापाला दिसली. चारोळी घेताना पायली शिगेनं भरली जायची, वर टेकाड, दाणे घरंगळून सुपात पडेपर्यंत. मीठ देताना हे तळहातानं माप सपाट करत. हात सवयीनं फिरायचा, नजर दुसरीकडे असायची. मला वाटलं, व्यापारात असंच असेल.

अक्षय तृतीया आली. सासरच्या पितरांसाठी गोड करायचं होतं. जवळच गुरं राखणाऱ्या गोल्लांची वस्ती होती, तिथून दूध आणलं, दिवसभर आटवलं, बासुंदी केली. वर चार दाणे चारोळी टाकली. नेमकी त्या दुपारी ती मागच्या दाराशी आली. नुकतीच पुढे ओट्यावर चारोळी देऊन, मिठाचं गाठोडं बांधून आली होती. मी वाटी भरून तिच्यापुढे ठेवली.

तिनं वास घेतला आणि वाटी मागे सारली. "दूध होय हे?"

"हो. गोड आहे, घेऊन तर पाहा."

"दूध वासराचं असते," ती म्हणाली. रागानं नाही, लहान मुलाला समजावून सांगावं तसं. मग वाकून तिनं वाटीत पाहिलं. "हे आमची चारोळी होय?"

"हो."

"एवढीच? चार दाने?"

"एवढीच टाकतात. महाग असते ना आमच्या इकडे."

"महाग मंजे?"

आता मागे वळून पाहताना वाटतं, तिथं थांबता आलं असतं. पण मला तिला काहीतरी सांगायचा आनंद झाला होता. एरवी तीच मला शिकवत असे. मी मूठ उघडून दाखवली, "हे पाहा, वरोऱ्याच्या दुकानात एवढ्या मूठभर चारोळीत दोन पायल्या मीठ येईल."

तिनं माझ्या मुठीकडे पाहिलं. मग आपल्या गाठोड्याकडे. तंबाखू गालात तशीच राहिली.

"मूठभर?"

"मूठभर."

"दोन?" तिनं दोन बोटं वर केली.

मी मान हलवली. ती उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि गेली. जाताना नेहमीसारखं हसली नाही. मी वाटी आत नेली आणि ती बासुंदी स्वतःच खाऊन टाकली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ह्यांनी नेहमीप्रमाणे ओटा झाडला, मापं मांडली. भर हंगाम होता. उन्हं चढली तरी कोणी आलं नाही. मग बाया आल्या, वीस-पंचवीस तरी असतील. पण त्या ओट्याकडे वळल्याच नाहीत. वखारीच्या कडेनं खाली उतरल्या आणि रांगेनं डोंग्यांकडे गेल्या. टोपल्यांवर पानं झाकलेली होती. ती सगळ्यांत पुढे होती. मी दारात उभी आहे हे तिनं पाहिलं आणि मान खाली घातली नाही की वळवलीही नाही, सरळ पुढे गेली.

संध्याकाळी भाऊ डोंगा बांधून वर आला. हे ओट्यावर बसूनच होते.

"भाऊ, काय झालं?"

भाऊनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "सारपप्पू तिकडं गेली, बाबू." चारोळीला तो सारपप्पू म्हणे. "मी नाव हाकणार. कोण बसला, काय नेला, मी नाही विचारणार."

"ते ठीक आहे. पण काऊन गेली?"

भाऊनं माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "अम्माला विचारा."

भाऊ गेल्यावर ह्यांनी विचारलं, "तू काही बोलली का कोणाजवळ?"

मी सगळं सांगितलं. बासुंदी, चार दाणे, मूठ, दोन बोटं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते नुसते मिठाच्या पोत्यावर बसले.

"मी खोटं तर नाही ना सांगितलं?" मी म्हटलं.

"नाई," ते म्हणाले. "खोटं नाई सांगतलं तू." आणि उठून आत गेले.

त्यानंतरचे तीन आठवडे मी विसरलेले नाही. एका घरात दोन माणसं, एका ताटात वाढलेलं जेवण, आणि बोलणं फक्त "मीठ दे", "पाणी आणलं का", इतकं. मिठाचे गट्टे ते सकाळी फोडत आणि ते मीठ तसंच पडून राही. झिऱ्यावर मी एकटीच असे. कॅलेंडरमागचे शब्द मी पाठ केले, पण ते बोलायला कोणी नव्हतं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती आली. मागच्या दाराशी नाही, झिऱ्यावर. घडा भरायला मला मदत केली आणि मगच बोलली.

"तिकडचा बी तसाच."

"म्हणजे?"

"एका पायलीले दीड देतो म्हने. दीड देते बी. पण त्याची घ्यायची पायली एवढी मोठी." तिनं हात फाकवून दाखवले आणि थुंकली. "नावेचं वेगळं कापते. भिजलं त वेगळं."

"मग आता?"

"आता काय. घरी ठेवली. चारोळी सडत नाई." थोड्या वेळानं म्हणाली, "घरी मीठ मातर नाई."

मी घरी येऊन ह्यांना ते तसंच सांगितलं. ते ऐकत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं. "चाल. तिच्या गावाले जाऊ. आग तूनं लावली, तूच पुढं हो."

तीन कोस चालायचं होतं. निम्म्या वाटेवर एका नाल्यात पाय धुता धुता ते म्हणाले, "सहा वर्षं माप या हातानं धरलं. मीठ सपाट, चारोळी शिगेनं. शेठनं शिकवलं, मी शिकलो. रोज खुपे असं म्हनलं त खोटं होईल. रोज तर ध्यानात बी नाई राहे." लग्नानंतर हा माणूस माझ्याशी खरोखर बोलला तो त्या नाल्यात.

गावात पोचलो तेव्हा माणसं कामाला निघायच्या बेतात होती. आम्हाला पाहून थांबली. म्हाताऱ्या पाटलानं झाडाखाली बसवलं. पाहुणा आला म्हणून आधी पानाच्या द्रोणात गोरगा आला, झाडाची ताजी ताडी. हे माळकरी घरचे, त्यांनी आयुष्यात कधी थेंब घेतला नव्हता. त्यांनी द्रोण दोन्ही हातांनी धरला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पिऊन टाकला. बाया खिदळल्या. मलाही दिला. मी ओठ लावले, आंबट-गोड लागला, आणि कोणी पाहत नाही असं वाटून आणखी एक घोट घेतला. ती पाहत होती.

बोलणं दुपारपर्यंत चाललं. मला निम्मंच कळलं. पाटील एकदाच बोलला, बाकी सगळ्या बायाच बोलल्या. एकीनं सांगितलं, तिची सासू एकास एक देत होती, आईही देत होती, मग आपणच दोन कसे मागायचे? दुसरी तिच्यावर धावूनच गेली. हे मधूनमधून त्यांच्या अर्ध्या माडियात उत्तर देत होते. शेवटी ते म्हणाले, आणि हे त्यांनी मराठीतच म्हटलं, "एका पायलीले दोन देतो. शेठ काय म्हनते थे मी पाहीन. खाली वखार त्याले दाखवण्यापेक्षा भरलेली दाखवतो."

ती उठून झोपडीत गेली आणि बांबूची एक चपटी काडी घेऊन आली. "हात नाई," ती म्हणाली. "दोनी मापं याच्यानं. चारोळी बी, मीठ बी. आन् काडी आमची बाई फिरवन."

ह्यांना हसू आलं. "फिरवा, बाई."

परत येताना ते झोकांड्या खात होते, गोरग्यामुळे की कशामुळे कोण जाणे, आणि मला सगळ्या वाटेनं झाडांची नावं सांगत होते.

पुढच्या बाजारी ओटा भरून वाहिला. तीन आठवड्यांचा माल एकदम आला. काडी फिरवायला दर वेळी वेगळी बाई बसे आणि अशा गंभीर तोंडानं बसे की भाऊही डोंगा सोडून पाहायला येई. नंतर पावसाळ्यात नदी वाळू, झिरे, डोंगे बांधायच्या मेखा सगळं पोटात घेऊन वखारीच्या पायरीशी आली, दोन महिने ना ट्रक ना बंडी. त्या दिवसांत ती मला बांबूचे कोवळे कोंब, वास्ते, आणून द्यायची, चिरून भिजवायचे कसे ते उंबऱ्याबाहेर बसून सांगायची. एकदा पाऊस फारच जोरात होता तेव्हा आत आली. आत येऊन तिनं चारी भिंती पाहिल्या आणि म्हणाली, "येवढंच घर? आमी समजलो वखार मंजे मोठं राहते."

आमच्या संसाराचे ते सगळ्यात चांगले महिने होते. ह्यांनी मला मोहफूल कसं पारखायचं ते शिकवलं. मी त्यांना कॅलेंडरमागचे शब्द शिकवले, कारण माझे त्यांच्यापेक्षा नीट होते. ते दिवस आठवले की मन भरून येतं. मग लगेच ध्यानात येतं की त्या वखारीनं दोन पिढ्या माणसांचं काय घेतलं आणि त्यांना काय दिलं, आणि मी तिथलंच मीठ खात होते. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही, हे मला फार उशिरा उमगलं.

मीठ दुप्पट लागू लागलं हे लपणार नव्हतं. पावसाळ्यानंतर ट्रकवाल्याबरोबर जास्तीच्या मिठाची मागणी गेली. मीठ आलं, आणि निरोप आला की शेठ येतील.

शेठ मार्गशीर्षात आले. मी त्यांच्याविषयी मनात काय काय रंगवलं होतं. बंडीतून उतरले ते गुडघे धरून, वयस्कर, मऊ आवाजाचे गृहस्थ. ओट्यावर दोन दिवस नुसते बसून राहिले. हिरडा येत होता, तोही काडीनं मापला जात होता. त्यांनी काडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि बाईला परत दिली. दुसऱ्या दिवशी जेवताना माझ्या वास्त्याच्या भाजीची तारीफ केली. मग हात धुऊन ह्यांना म्हणाले, "मी याच ओट्यावर वडिलांच्या हाताखाली शिकलो. तुम्ही वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण वखार माझी आहे. मला विचारायला हवं होतं."

"हो," हे म्हणाले. "विचाराले पायजे होतं. पण तुमी हो म्हनलं नसतं."

शेठ थोडे हसले. "नसतं म्हटलं." मग म्हणाले, "होळीपर्यंत राहा. नंतर दुसरा माणूस येईल."

बस, एवढंच. आवाज चढला नाही, शिवी नाही. हे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नदीवर बसून राहिले.

मी तिला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मंग आता कुठी जाल?" माजरीला, ह्यांच्या मामेभावाचं खाणीच्या वसाहतीत किराणा दुकान आहे, तिथं, म्हटलं. खाण म्हणजे काय ते तिला समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली. जमिनीखालून काळे दगड काढून जाळतात, हे ऐकून ती माझ्याकडे संशयानं पाहू लागली. लाकूड संपलं का, असं विचारलं.

निघायच्या दिवशी ती आली नाही. मोहफूल गळायला लागलं होतं, आणि मोहफूल कोणासाठी थांबत नाही, पहाटे वेचलं नाही तर गुरं खातात. हे मला कळत होतं. तरी मी बंडीत बसल्यावर मागच्या वाटेकडे पाहत राहिले. भाऊ मात्र आला. माझा पाटा त्यानंच उचलून बंडीत ठेवला, "अम्मा, दगड इथं भरपूर होता की," असं पुटपुटत.

माजरीत आमचं बस्तान बसलं. दुकान चाललं, मुलं झाली, हे मुलांचे बाप म्हणून आणि दुकानदार म्हणून म्हातारे होत गेले. वखार सोडून तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा एके दुपारी दारात भाऊ उभा. हातात पत्त्याचा चिटोरा, डोळ्यांवर पडदा आलेला, चांद्याला दवाखान्यात डोळा कापायचा होता. आम्ही त्याला ठेवून घेतलं. डोळा झाल्यावर हिरवी पट्टी बांधून तो ओसरीत बसला आणि वखारीचं सगळं सांगू लागला.

आम्ही गेल्यावर जो माणूस आला त्यानं पहिल्याच हंगामात पुन्हा एकास एक मांडलं. बायांनी टोपल्या ओट्यासमोर ठेवल्या आणि त्यांच्याभोवती बसल्या. ना वखारीत गेल्या, ना डोंग्यात. दोन बाजार बसल्या. "मी विचारला, नदी ओलांडायची का? बोलल्या, नाही. इथंच देणार." तिसऱ्या बाजारी त्या माणसानं दोन दिले. "आता म्हणे सरकार पण माल घेणार. वखार कमी चालते, बाबू. पण दोन ते दोनच."

"आन् ती?" ह्यांनी विचारलं.

"आहे. सून आली. सून पण तशीच, तोंडाची तिखट."

दुसऱ्या दिवशी भाऊची पट्टी सोडायला चांद्याला जायचं होतं. ह्यांनी दुकान बंद ठेवलं आणि मलाही बरोबर घेतलं, ज्या माणसानं सणाच्या दिवशीसुद्धा दुकान बंद ठेवलं नव्हतं. पट्टी सुटली. आम्ही भाऊला महाकालीचं देऊळ दाखवलं, परकोटाचा दरवाजा दाखवला. परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून झरपटीच्या काठाला जाऊन बसलो. उन्हाळा होता, नदीत घोटाभर पाणी. भाऊ नव्या डोळ्यानं ते पाणी खूप वेळ पाहत राहिला.

"बाबू," शेवटी त्यानं विचारलं, "हिला तुम्ही नदी म्हणता?"

"हो."

"हिच्यावर नावाडी जगतो कसा?"

हे हसायला लागले. हसता हसता त्यांनी भाऊच्या खांद्यावर हात टाकला, आणि एसटी येईपर्यंत ते दोघं अर्ध्या तेलुगूत आणि अर्ध्या मराठीत बोलत राहिले. मी फुटाणे घेऊन आले.